निरोगी संगणकाची कावीळ



काविळीचे पाणी उतरवणारा माणूस तुमच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिला असेल. काहींनी घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून त्याच्याविषयी ऐकले असेल. हा माणूस रोग्याचे हात परातीवर धरतो, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने ते धुतो आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतो. पाहता पाहता परातीतले पाणी पिवळेधमक होते. "पाहा, कावीळ उतरली!" जमलेली मंडळी थक्क होतात आणि दक्षिणा पुढे येते.

या वेळी एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्याला कावीळ झालेलीच नाही, त्याचे हात धुतले तर काय होईल?

विज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावोगाव करून दाखवला आहे. ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि पाण्यात चुना असतो. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो. म्हणजे पिवळा रंग खरा असतो, डोळ्यांना दिसतो ते खोटे नसते. खोटा असतो तो त्या रंगाचा लावलेला अर्थ.

हीच युक्ती आता मंत्राऐवजी इंग्रजी शब्द घेऊन आणि परातीऐवजी संगणकाचा पडदा घेऊन आपल्या घरात शिरली आहे. संगणक दुरुस्त करून देतो असे सांगणाऱ्या या भोंदू वैद्यांची ओळख आज करून घेऊ. ओळखण्याची कसोटी मात्र तीच राहील: ज्याला कावीळ नाही, त्याचेही हात धुऊन पाहायचे.

एका दुपारची गोष्ट

असे समजा की नाशिकच्या एका घरात एक आजी दुपारी संगणकापुढे बसल्या आहेत. मुलगा अमेरिकेत आहे. नातवंडांचे चेहरे रोज रात्री याच पडद्यावर दिसतात, त्यामुळे हे यंत्र त्यांच्या जिव्हाळ्याचे झाले आहे. लोणच्याची कृती शोधता शोधता त्यांच्या हातून एका जाहिरातीवर माउसचे बटण दाबले जाते. क्षणात सारा पडदा लाल होतो आणि भोंगा वाजू लागतो. एक बाई इंग्रजीतून बजावू लागते, "तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. बंद केलात तर सर्व माहिती नष्ट होईल. ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा." कोपऱ्यात चक्क 'नाशिक' हे नावही झळकत असते. माउस हलवला तरी बाण हलत नाही.

आजी फोन करतात. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलतो. "घाबरू नका, मॅडम. मी कंपनीतूनच बोलतो आहे. आत्ता तपासून देतो." तो त्यांना एक प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगतो. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो, भराभर खिडक्या उघडतात आणि त्यांत लाल खुणाच खुणा दिसतात. "बघितलंत ना, मॅडम?" तासाभराने आजींच्या खात्यातून १८ हजार रुपये गेलेले असतात. आणि संगणक? तो मुळात आजारी नव्हताच!

या आजी काल्पनिक आहेत, पण असे फसलेले लोक जगभर आहेत. एकट्या अमेरिकेत २०२३ साली 'तांत्रिक मदती'च्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या ३७ हजारांहून अधिक तक्रारी एफबीआय या तपास संस्थेकडे आल्या. त्यांतल्या नुकसानीचा आकडा ९२ कोटी डॉलरहून मोठा होता. २०२४ साली तो १४६ कोटी डॉलरवर गेला. हा धंदा तसा नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी अशा सहा टोळ्यांवरील खटले जाहीर केले होते. नसलेला व्हायरस काढून देण्यासाठी या टोळ्या ४९ ते ४५० डॉलर उकळत असत. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजी बोलणाऱ्या देशांतली माणसे त्यांची गिऱ्हाइके होती.

पडद्यावरची आरोळी

आता आजींच्या पडद्यावर जे घडले त्याची एकेक करून चिकित्सा करू.

लाल पडदा म्हणजे काय? ते एक साधे वेबपान होते, आणखी काही नाही. कोणत्याही वेबपानाला सारा पडदा व्यापता येतो, आवाज वाजवता येतो, माउसचा बाण दिसेनासा करता येतो. चलच्चित्र पाहताना पडदा भरून चित्र दिसते, ती सोय हीच. पण ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला तुमच्या संगणकातल्या फायली तपासून व्हायरस शोधता येत नाही. ब्राउझर त्याला तेवढी मुभाच देत नाही. 'तपासणी चालू आहे' असे म्हणत पुढे सरकणारी पट्टी हे निव्वळ चित्र असते.

मग 'नाशिक' हे नाव त्याला कसे कळले? तुम्ही कोणतेही पान मागवता तेव्हा ते पाठवायचे कोठे, हे पलीकडच्या संगणकाला माहीत असावेच लागते. या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून शहराचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहून पत्र कोणत्या गावाहून आले हे सांगावे, तसेच हे. अंतर्ज्ञान नव्हे!

अशा वेळी काय करावे? फोन तर मुळीच करू नये. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरली की बहुतेक वेळा पडदाभर पसरलेले पान आखडते, आणि मग ते बंद करता येते. तसे झाले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोज प्रणालीत त्यामुळे टास्क मॅनेजर उघडतो व तेथून ब्राउझर बंद करता येतो. तेही जमले नाही तर संगणकाचे चालू-बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. 'बंद करू नका' ही धमकी याचसाठी असते, कारण बंद केले की सोंग संपते. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझरने 'आधीची पाने परत उघडू का?' असे विचारले, तर मात्र 'नको' म्हणावे.

एक खूण कायमची ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीही नसतो. संगणकातली सूचना आणि तिच्यात फोन क्रमांक अशी जोडी दिसली की ती बनावट समजावी. त्याचप्रमाणे 'तुमच्या संगणकात बिघाड झालेला आम्हांला दिसला' असे सांगत कोणी आपणहून फोन केला, तर तोही खोटाच. घराघरांतल्या संगणकांवर नजर ठेवून फोन करणारी कोणतीही कंपनी नाही. तिसरा सापळा शोधयंत्राचा. छापयंत्र बिघडले म्हणून आपण मदतीचा क्रमांक शोधतो, आणि पैसे देऊन वर आणलेली एखादी बनावट जाहिरात तो आपल्यापुढे ठेवते. क्रमांक घ्यायचा तर वस्तूच्या खोक्यावरचा, हमीपत्रावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्यावा.

परातीतले पिवळे पाणी

या फसवणुकीचा गाभा आहे तो पुरावा दाखवण्यात. भामटा नुसता 'व्हायरस आहे' म्हणून थांबत नाही, तो तुमच्याच डोळ्यांनी तुम्हांला पाहायला लावतो. त्याचे ठरलेले पुरावे असे:

पहिला पुरावा, इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजमध्ये घडणाऱ्या लहानमोठ्या घटनांची नोंद येथे होत असते. एखादा प्रोग्राम एक क्षण उशिरा सुरू झाला, नेट मध्येच तुटले, छापयंत्र सापडले नाही, असे काहीही झाले की येथे लाल किंवा पिवळ्या खुणेसह एक ओळ पडते. दोन-चार महिने वापरलेल्या संगणकात अशा शेकडो ओळी असतात. शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणा असतात, म्हणून काही शाळा मोडकळीस आली असे होत नाही!

दुसरा पुरावा, थांबलेल्या सेवा. विंडोजमध्ये अनेक छोटे प्रोग्राम पडद्यामागे तयार असतात आणि गरज पडेल तसे सुरू होतात. त्यांची यादी उघडली की कित्येकांपुढे 'स्टॉप्ड' असे लिहिलेले आढळते. भामटा म्हणतो, "व्हायरसने या बंद पाडल्या." वास्तविक माणूस नसलेल्या खोलीतला दिवा बंद असावा तशा त्या बंद असतात.

तिसरा पुरावा, 'फॉरेन अॅड्रेस'. नेटस्टॅट नावाची एक आज्ञा दिली की संगणक सध्या कोणाकोणाशी जोडलेला आहे याची यादी येते. तिच्या एका स्तंभाचा मथळा असतो 'फॉरेन अॅड्रेस'. भामटा सांगतो, "पाहा, परदेशी लोक तुमच्या संगणकात शिरले आहेत." येथे फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे, तर 'जोडणीचे पलीकडचे टोक' एवढाच अर्थ आहे. तुम्ही एखादे वर्तमानपत्र उघडले असेल तर ज्या संगणकावरून ते आले त्याचा पत्ता तेथे दिसेल.

चौथा पुरावा, सांकेतिक क्रमांक. फोनवरचा माणूस म्हणतो, "मी कंपनीचाच आहे, तुमच्या संगणकाचा गुप्त क्रमांक मला ठाऊक आहे." तो एक आज्ञा द्यायला लावतो आणि पडद्यावर येणारा, ८८८डीसीए६० असा सुरू होणारा, लांबलचक क्रमांक अचूक म्हणून दाखवतो. ऐकणारा चाट पडतो. पण विंडोजच्या एका अंतर्गत भागाला दिलेला हा क्रमांक सर्व विंडोज संगणकांत एकच असतो. 'तुमच्या हाताला पाच बोटे आहेत' असे हात न पाहता सांगणाऱ्या ज्योतिष्यासारखा हा प्रकार आहे.

पाचवा पुरावा, ट्री. या आज्ञेने डिस्कवरच्या सर्व फोल्डरांची नावे भराभर वर सरकत जातात. दिसायला ते मोठ्या तपासणीसारखे दिसते. नावे सरकत असतानाच भामटा कळफलकावर 'व्हायरस सापडला' असे टंकून ठेवतो. यादी संपताच त्याने टंकलेली अक्षरे शेवटी उमटतात आणि जणू संगणकानेच निष्कर्ष काढला असे वाटते.

पहिल्या चार पुराव्यांत संगणक एक अक्षरही खोटे बोललेला नाही, पाचव्यात शेवटची अक्षरे तेवढी माणसाची आहेत. नोंदी खऱ्या, यादी खरी, क्रमांक खरा. खोटा आहे तो अर्थ. आता कावीळ नसलेल्याचे हात धुवायची वेळ आली!

प्रयोग पहिला: निरोगी संगणक तपासा

शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या संगणक कक्षातले चार विंडोज संगणक निवडा. ते उत्तम चालतात याची आधी खात्री करून घ्या. प्रत्येकावर विंडोजच्या शोधपट्टीत इव्हेंट व्ह्यूअर हे नाव टाकून तो उघडा. लाल आणि पिवळ्या खुणांच्या नोंदी मोजा. मग सर्व्हिसेस हे नाव शोधून सेवांची यादी उघडा आणि चालू नसलेल्या सेवा मोजा. येथे फक्त पाहायचे आहे, काहीही बदलायचे नाही. चार संगणकांचा एक तक्ता करा.

चारही संगणकांत 'रोगाची लक्षणे' आढळतील. यातून निष्कर्ष काय निघतो? जे लक्षण रोग्यातही आढळते आणि निरोग्यातही आढळते, त्यावरून रोगाचे निदान करता येत नाही. विज्ञानात प्रत्येक प्रयोगाबरोबर तुलनेसाठी एक नियंत्रित नमुना ठेवतात, तो याचसाठी. भामटा आपल्याला हीच तुलना करू देत नाही. 'फोन ठेवू नका', 'कोणाला सांगू नका', 'पाच मिनिटांत सर्व नष्ट होईल' हे त्याचे शब्द तुलनेला लागणारा वेळ आपल्याकडून काढून घेण्यासाठी असतात. म्हणून घाई कोण करतो आहे, इकडे लक्ष ठेवा.

साठ फोन करणारे संशोधक

नेमका असाच प्रयोग अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर केला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एक स्वयंचलित यंत्रणा उभारली. ती सुमारे आठ महिने नेटवर फिरून लाल पडद्याची बनावट पाने गोळा करीत होती. त्यांवरच्या क्रमांकांवर संशोधकांनी स्वतः फोन केले आणि ६० भामट्यांशी संभाषण केले. भामट्यांच्या हाती त्यांनी आपला खरा संगणक दिला नाही. खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रामच्या साहाय्याने दुसरा, हवा तेव्हा पुसून टाकता येणारा संगणक तयार करता येतो. तो दिला.

एक संभाषण सरासरी १७ मिनिटे चालले. थांबलेल्या सेवा आणि इव्हेंट व्ह्यूअर हे पुरावे सर्वांत जास्त वेळा दाखवले गेले. 'उपचारा'ची मागणी सरासरी २९० डॉलर होती. आणि फोनवरच्या बहुसंख्य भामट्यांचे ठिकाण निघाले भारत! ही गोष्ट आपल्याला टाळून चालणार नाही. तिच्याकडे पुढे वळू.

प्रयोग दुसरा: बँकेचे खोटे पासबुक

आजींनी जो प्रोग्राम उतरवून घेतला, तो बहुधा व्हायरस नसतो. दूरच्या संगणकाचा पडदा पाहण्यासाठी आणि त्याचा माउस चालवण्यासाठी मोठमोठ्या कार्यालयांत वापरले जाणारे हे नेहमीचेच साधन आहे. तुमच्या पडद्याचे चित्र तिकडे जाते, तिकडच्या कळा इकडे दाबल्या जातात. साधन चांगले, पण घराची किल्ली अनोळख्याच्या हातात. मोबाइलवरही असे प्रोग्राम चालतात, आणि मग बँकेकडून येणारा एकवेळचा सांकेतिक आकडाही पलीकडच्याला वाचता येतो.

या किल्लीच्या जोरावर आणखी एक नाटक होते. काही महिन्यांनी फोन येतो, "आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत. बँकेचे खाते उघडा." खाते उघडताच शिल्लक एकदम वाढलेली दिसते. पलीकडचा माणूस रडकुंडीला येतो, "चुकून एक शून्य जास्त पडले! माझी नोकरी जाईल. वरचे पैसे परत पाठवा हो." भला माणूस पाठवतो. प्रत्यक्षात खात्यात काहीच जमा झालेले नसते.

मग शिल्लक वाढलेली दिसली कशी? करून पाहा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कोणत्याही वर्तमानपत्राचे पान उघडा. एखाद्या मथळ्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडा. बाजूला पानाचा मजकूर सांकेतिक भाषेत दिसेल. त्यातल्या मथळ्यावर दोनदा टिचकी मारा, शब्द बदला आणि एंटर दाबा. पानावर तुमचाच मथळा झळकेल! वर्तमानपत्राचा मूळ अंक मात्र जसाच्या तसा आहे. पान नव्याने मागवले की तुमचा मथळा नाहीसा होतो. तुम्ही बदलली ती तुमच्या संगणकात आलेली प्रत. भामटाही बँकेचे खातेपुस्तक बदलत नाही, तुमच्या पडद्यावरची प्रत बदलतो. म्हणून बँकेच्या बाबतीत दुसऱ्याच्या हाती असलेल्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. शिल्लक पाहायची तर दुसऱ्या यंत्रावरून पाहावी किंवा शाखेत विचारावी.

फोनच्या पलीकडे कोण?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. रात्रीच्या पाळीत तेथली तरुण मुलेमुली अमेरिकन प्राप्तिकर अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालत होती. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले. येथे सोंग संगणक दुरुस्तीचे नव्हते, कर अधिकाऱ्याचे होते. पण भीती, घाई आणि अधिकाराचा आव ही तीन आयुधे तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन या कंपन्यांच्या नावाने परदेशी नागरिकांना फसवणारी कॉल सेंटरे त्यांत होती.

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण चार-सहा वर्षांत नोकरी शोधू लागतील. 'इंग्रजी बोलता आले की पुरे, रात्रपाळी, भरपूर कमिशन' अशा जाहिराती दिसतील. चांगली, प्रामाणिक कॉल सेंटरे पुष्कळ आहेत. पण पहिल्याच दिवशी खोटे नाव घ्यायला सांगितले, दुसऱ्याच कंपनीचे नाव सांगायला लावले किंवा निरोगी संगणकाला आजारी म्हणायला शिकवले, तर त्याच दिवशी बाहेर पडा. फोनच्या पलीकडे कोणाची तरी आजी असते.

प्रथमोपचार

आता समजा, घरात कोणी फसलेच. तेव्हा काय करावे? भाजल्यावर आधी गार पाणी, मग डॉक्टर, तसाच येथेही क्रम महत्त्वाचा आहे.

१. जोडणी तोडा. वायफायचे यंत्र बंद करा किंवा नेटची वायर काढा. नेट नाही तर भामट्याचा हातही पोहोचत नाही. फोन ठेवून द्या. तो पुन्हा पुन्हा वाजेल, उचलू नका.

२. बँकेला कळवा. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर, दुसऱ्या फोनवरून. कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

३. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) तक्रार नोंदवा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळवले जातात. ते वाटेत असतानाच तक्रार पोहोचली तर रोखून धरता येतात. म्हणून येथे दिवस नव्हे, मिनिटे मोजायची.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्वही हेच सांगते. सांकेतिक शब्द दुसऱ्याला दिल्यासारख्या ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर सांगण्याने नुकसान थांबते.

४. सांकेतिक शब्द बदला, पण त्या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या यंत्रावरून. आधी ईमेलचा बदला, कारण इतर ठिकाणचे शब्द बदलण्याची वाट ईमेलमधून जाते. मग बँकेचे, मग बाकीचे. दुहेरी पडताळणीची सोय असेल तेथे ती सुरू करा.

५. पुरावे जपून ठेवा. फोन क्रमांक, वेळ, संदेश, व्यवहाराचा क्रमांक, पडद्याचे फोटो. रागाच्या भरात काही पुसून टाकू नका.

६. मग संगणकाकडे वळा. दूरनियंत्रणाचा प्रोग्राम काढून टाका. भामट्याने उतरवायला लावलेले इतर प्रोग्रामही काढा. विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करा. अनोळखी माणूस बराच वेळ आत वावरला असेल, तर आपली कागदपत्रे व छायाचित्रे वेगळी काढून विंडोज नव्याने बसवणे सर्वांत खात्रीचे. हे काम माहितगार, ओळखीच्या माणसाकडून करून घ्यावे. मोबाइलच्या बाबतीतही हाच क्रम: आधी नेट बंद, मग तो प्रोग्राम बाहेर.

७. दुसऱ्या भामट्यापासून सावध राहा. 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन पुढे येऊ शकतो. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक या धंद्यात मोलाचा असतो. पैसे परत मिळवण्यासाठी पोलीस किंवा बँक आगाऊ फी मागत नाहीत.

शेवटची गोष्ट, आणि सर्वांत मोठी

या यादीतले पहिले पाऊल खरे म्हणजे वेगळेच आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. ते म्हणजे घरात सांगणे. फसलेल्या माणसाला पैशांपेक्षा लाज जास्त छळते. 'मुले काय म्हणतील? आता संगणकाला हात लावू देणार नाहीत', या विचाराने आजी दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे दहा खाती ओलांडून जातात. भामट्याला सर्वांत मोठी मदत होते ती या मौनाची.

फसणे हे मूर्खपणाचे लक्षण नाही. उत्तर आयर्लंडमधील एक गृहस्थ 'जिम ब्राउनिंग' या टोपणनावाने भामट्यांच्याच संगणकात शिरून त्यांचे कारनामे उघडकीस आणतात. बीबीसीने २०२० साली त्यांच्या चित्रफितींवर आधारित कार्यक्रम दाखवला होता. जुलै २०२१ मध्ये याच तज्ज्ञाला एका भामट्याने यूट्यूबचा मदतनीस म्हणून गाठले आणि त्यांच्याच हातून त्यांची यूट्यूब वाहिनी पुसून टाकायला लावली! त्यांनी ती गोष्ट लपवली नाही, साऱ्या जगाला सांगितली आणि पुढे वाहिनीही परत मिळवली. ज्याने आयुष्यभर भामटे पकडले तो फसू शकतो, तर आपल्या आजीने लाजायचे कशाला?

तेव्हा मित्रहो, आज संध्याकाळी दोन कामे करा. १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून घरच्या संगणकाशेजारी चिकटवा. आणि आजी-आजोबांना इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवा. त्यातल्या लाल खुणांवर बोट ठेवून सांगा, "आजी, हे असं सगळ्यांच्याच संगणकात असतं. कुणी यावरून घाबरवलं, तर फोन ठेवून दे आणि मला हाक मार. आणि चुकून पैसे दिलेसच, तरी पहिल्यांदा मलाच सांग. मी रागावणार नाही."

हे शेवटचे वाक्य विसरू नका. आपण रागावणार नाही अशी आजीची खात्री असेल, तर ती दोन दिवस थांबणार नाही, दोन मिनिटांत सांगेल.